थरोब्रेड घोडी घेतल्याला चौदा महिने झाले: भाव बरोबर दिला का?

ऑक्टोबर २०२४ मध्ये, पुण्याचा रेसचा हंगाम संपत आला असताना, आम्ही तिघा भागीदारांनी मिळून एक थरोब्रेड (शर्यतीच्या घोड्यांची जात) ब्रूडमेअर, म्हणजे पैदाशीची घोडी, घेतली. शर्यतीला नव्हे, पैदाशीला. वय बारा, कुमैत रंग, पोटात सहा महिन्यांचं शिंगरू. मागितले सात लाख, दिले सव्वापाच. परतीच्या वाटेवर मिसळ खाताना तिघांनी आपापली पाठ थोपटून घेतली, पावणेदोन लाख उतरवले म्हणून.

आज डिसेंबर २०२५. माझं मत असं झालंय की चार लाखांच्या वर रुपया द्यायला नको होता. आणि हे कळायला चौदा महिने लागायला नको होते. कागद त्याच दिवशी हातात होता.

घोडीबद्दल तक्रार नाही, हे आधीच सांगतो. गुणी आहे. नालबंदाला चारही पाय न कुरकुरता देते, गाडीत सरळ चढते, मोतद्दाराला लांबून ओळखते. लसूणघास समोर आली की बाकी जग विसरते. चूक झाली ती आमच्या मोजमापाची.

विकणाऱ्याने आधी पेडिग्रीचं, म्हणजे वंशावळीचं, पान पुढे केलं. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी: घोडीच्या नावाखाली तिची आई, मग आजी, मग पणजी, आणि प्रत्येकीची कर्तबगार पोरं. मोठ्या नावाजलेल्या शर्यती जिंकलेल्यांची नावं जाड ठशात छापतात. आमच्या घोडीच्या पानावर जाड ठसा होता, पण पणजीच्या खाली. आई आणि आजीच्या खाली साधीच अक्षरं. एक भागीदार जाड ठसा पाहून हरखला. पणजीच्या जाड ठशासाठी लाखभर जास्त मोजणं म्हणजे नवऱ्यामुलाच्या चुलत पणजोबांना इनाम होतं म्हणून मुलगी देणं. खरा भाव घोडीच्या स्वतःच्या पोरांचा, मग आईच्या पोरांचा. त्यापुढे गप्पा.

मग वयावर घासाघीस झाली. मी म्हटलं, बारा म्हणजे निम्मं आयुष्य गेलं. तर विकणाऱ्याने लगेच सेक्रेटेरियट या अमेरिकेच्या नामांकित शर्यतीच्या घोड्याचा दाखला दिला. १९७० मध्ये तो जन्मला तेव्हा त्याची आई समथिंगरॉयल अठरा वर्षांची होती. खरं आहे. पण त्या एका घोडीच्या नावावर जगभर किती म्हाताऱ्या घोड्या खपल्या असतील, देव जाणे. पंधरा-सोळाच्या पुढे घोडी फळण्याचं आणि शिंगरू टिकण्याचं प्रमाण घसरत जातं. म्हणून बाराची घोडी घेताना मी पुढची पाच वर्षंच हिशेबात धरतो. मिळालं जास्त, तर नशीब.

आता तो कागद. प्रत्येक ब्रूडमेअरच्या दरवर्षीच्या नोंदी स्टड बुकाकडे, म्हणजे जातीच्या अधिकृत नोंदवहीकडे, जातात. भारतात हे काम स्टड बुक अथॉरिटी ऑफ इंडिया करते, तिचं ऑफिस पुण्यालाच रेसकोर्सवर आहे. कोणत्या तारखांना कोणत्या घोड्याने कव्हर केलं (घोडीवर घोडा घातला), शिंगरू झालं की नाही, सगळं येतं. कृत्रिम रेतन थरोब्रेडमध्ये चालत नाही, त्यामुळे तारखांत फारशी लपवाछपवी होत नाही. आमच्या घोडीचा उतारा असा होता: २०१८ शिंगरू, २०१९ शिंगरू, २०२० रिकामं, २०२१ शिंगरू, २०२२ शिंगरू, २०२३ रिकामं, २०२४ शिंगरू. पळायच्या वयाची तीन होती, तिन्ही पळाली, दोन जिंकली. वाईट नाही, म्हणूनच आम्ही घसरलो.

मी विचारलं, "२०२० ला काय झालं?"

"साहेब, कोविड नाही का! लॉकडाऊनमध्ये कोण कव्हर करणार?"

आम्ही तिघांनी माना डोलावल्या. २०२० म्हटलं की सगळ्यांच्याच आयुष्यात एक भोक आहे, तसं घोडीच्याही.

घोडी साधारण ३४० दिवस पोट वाहते. २०२० मध्ये शिंगरू यायचं तर कव्हर २०१९ मधलं. तेव्हा कोविडचं नावसुद्धा कुणी ऐकलं नव्हतं. लॉकडाऊनने घोटाळा झालाच असेल तर तो २०२१ मध्ये दिसायला हवा, आणि २०२१ मध्ये तर शिंगरू आहे! हा सोपा हिशेब मला कधी सुचला? मे २०२५ मध्ये, घोडी रिकामी निघाल्यावर.

त्याआधी मार्चची रात्र. शेवटचं कव्हर आदल्या वर्षीच्या १२ एप्रिलचं, म्हणजे १८ मार्चच्या आसपास अपेक्षा. व्याली २४ मार्चला, पहाटे पावणेतीनला. शिंगी (मादी शिंगरू) झाली, कपाळावर चांदणी. स्टडवर एक-दोन-तीन म्हणतात: एका तासात उभं राहावं, दोन तासांत आचळ धरावं, तीन तासांत वार पडावी. शिंगीने पहिली दोन कामं वेळेच्या आधी केली. तिसरं आईचं होतं, ते झालं नाही. सहा वाजले तरी वार लोंबतेय. डॉक्टर आले, ऑक्सिटोसिन दिलं, दुपारी बाराला पडली. ती जमिनीवर पसरून तपासतात, कारण ज्या शिंगात पिल्लू नसतं तिकडचं टोक तुटून आत राहायची भीती असते. आमचं तेच राहिलं होतं. मग चार दिवस गर्भाशय धुणं, अँटिबायोटिक, आणि खुरांना सूज येऊ नये म्हणून पाय बर्फात. बर्फाच्या लाद्या आणायला भागीदाराने आपली नवी कार दिली, त्याचं दुःख त्याला अजून आहे.

व्यायल्यावर आठवडा-दीड आठवड्यात येणारा पहिला माज अर्थातच सोडला. एप्रिलमध्येही पाणी स्वच्छ नव्हतं. मेच्या मध्यावर एकदा कव्हर झालं, पंधराव्या दिवशी स्कॅनमध्ये काही नाही. पुढचा माज जूनचा. तेव्हा फळली असती तर शिंगरू मेच्या मध्यावर. भारतात थरोब्रेडचं वय सरसकट १ जानेवारीला वाढतं, तेव्हा मेचं शिंगरू जानेवारीच्या शिंगराशी त्याच वयाचं म्हणून पळणार. आम्ही थांबलो. म्हणजे २०२६ रिकामं.

त्या संध्याकाळी, घोडी ठेवली होती त्या बोर्डिंगवरच्या म्हाताऱ्या मोतद्दाराला मी उतारा वाचून दाखवला. त्याने बोटांवर मोजलं आणि म्हणाला, "दोन देती, एक खाती. ह्या घोडीचं ठरल्यालंच हाय."

बरोबर होतं. १८, १९, मग नाही. २१, २२, मग नाही. २४, २५, आणि आता नाही.

इथे एक बारीक गोष्ट आहे. रिकामं वर्ष दोन तऱ्हेचं असतं. घोडी ३४० दिवस वाहते आणि व्यायल्यावर महिन्याने फळते, असं धरलं तर दरवर्षी तारीख थोडी पुढे सरकते. फेब्रुवारीची मार्चात, मार्चाची एप्रिलात. शेवटी मालकच एक वर्ष सोडून तिला पुन्हा पुढे आणतो. असं 'कव्हर केलंच नाही' लिहिलेलं वर्ष फारसं वाईट नाही, घोडीत दोष नसतो. पण तीन वेळा कव्हर करूनही रिकामी, हे वेगळं. मी नंतर कव्हरच्या तारखा पाहिल्या: २०१९ ला तीनदा, २०२२ ला चारदा. तोच उतारा, फक्त डावीकडचा रकाना आम्ही वाचला नव्हता. शिवाय घोडीच्या योनीमुखाला टाके होते, आत हवा जाऊ नये म्हणून घालतात ते. "सगळ्यांनाच घालतात," असं ऐकवलं गेलं. पुष्कळांना घालतात हे खरं, पण रिकाम्या वर्षांशेजारी टाके दिसले की डॉक्टरला बोलवायचं असतं. पोटात शिंगरू असताना गर्भाशयाचा तुकडा काढून तपासता येत नाही, तेव्हा कागदच बोलतो.

पैशांत सांगतो. बोर्डिंग महिना बावीस हजार, जंताची औषधं, नाल, लशी, डॉक्टर धरून वर्षाला तीन लाख. कव्हरची फी सव्वा लाख, तीही शिंगरू जिवंत उभं राहिलं तरच, ही अट आम्ही घातली होती आणि तेवढंच शहाणपण. दरवर्षी शिंगरू असतं तर एक शिंगरू सव्वाचार लाखाला पडलं असतं. तिनात दोन म्हणजे पावणेसहा लाखाला. दर शिंगरामागे दीड लाखाचा फरक, आणि पुढच्या पाच वर्षांत तीनेक शिंगरं. काटेकोर हिशेबाने भाव आणखी खाली जातो. पोटात शिंगरू होतं आणि दोन पोरं जिंकली होती, म्हणून मी चार म्हणतो.

काही गोष्टी मात्र बरोबर केल्या. ग्लँडर्स आणि इक्वाइन इन्फेक्शस अ‍ॅनिमिया या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगांचे निगेटिव्ह रिपोर्ट पाहिल्याशिवाय पैसे दिले नाहीत. मायक्रोचिप वाचून पासपोर्टशी जुळवली. गाभण असल्याची खात्री विकणाऱ्याच्या नव्हे, आमच्या डॉक्टरांच्या हाताने केली.

नोव्हेंबरमध्ये गर्भाशयाची बायॉप्सी केली, ग्रेड टू-ए आली. मधली पायरी, नीट सांभाळलं तर शिंगरू मिळायची शक्यता पन्नास ते ऐंशी टक्के. १ डिसेंबरपासून तिच्या ठाणावर दिवा लावलाय. सकाळी सातच्या उजेडापासून रात्री अकरापर्यंत सोळा तास, म्हणजे फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत ती नियमित माजावर येईल. शिंगी सप्टेंबरमध्ये दुधावरून तोडली, आता आईला ओळखही देत नाही.

परवा एक ओळखीचा बघायला आला होता, घोडी देताय का म्हणून. उतारा वाचून विचारलं, "२०२० ला कोविड का हो?"

म्हटलं, नाही.

तो थोडा वेळ डावीकडचा रकाना बघत बसला आणि साडेतीन म्हणाला.