खोड उचलणार कोण? तिसऱ्या वर्षाच्या एका गटप्रकल्पाचे परीक्षण

माझी मुलगी जळगाव जिल्ह्यातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात यंत्र शाखेच्या तिसऱ्या वर्षाला आहे. गेल्या सत्रात तिने जागतिक प्रश्न, शाश्वतता आणि रोजगारक्षमता या तिन्हींची मोट बांधणारा गटप्रकल्पाचा ऐच्छिक विषय पूर्ण केला. मी औद्योगिक वसाहतीतील एका पाइप कारखान्यात देखभालीचे काम पाहतो, त्यामुळे ‘शाश्वत’ हा शब्द फलकावर किती दिवस टिकतो आणि यंत्राजवळ किती, याचा मला थोडाफार अनुभव आहे. पुढच्या वर्षी हा विषय घ्यावा की नाही, असा प्रश्न पडलेल्या विद्यार्थ्यांसाठी आणि पालकांसाठी हे लिहीत आहे.

असे विषय अचानक का आले, हे आधी सांगायला हवे. २०१४ मध्ये भारत वॉशिंग्टन कराराचा, म्हणजे अभियांत्रिकी पदव्यांना परस्पर मान्यता देणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराचा, पूर्ण सदस्य झाला आणि अभियांत्रिकी पदवीचे मानांकन पदवीधराला प्रत्यक्षात काय करता येते यावर तपासले जाऊ लागले. त्या कसोट्यांमध्ये पर्यावरण व शाश्वतता, गटात काम करणे, संवाद आणि खर्चाचे नियोजन यांचा समावेश आहे. म्हणजे या विषयाचा उगम काही अंशी मानांकनाच्या फायलीत आहे, आणि पहिले तीन आठवडे त्या फायलीचा वास येतच राहतो. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये स्वीकारलेल्या शाश्वत विकासाच्या सतरा उद्दिष्टांच्या रंगीत चौकटी पडद्यावर दाखवल्या जातात, प्रत्येक गट एक चौकट निवडतो आणि तिच्यावर वीस स्लाइडचे सादरीकरण करतो. या तीन आठवड्यांबद्दल अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

विषयाला खरी सुरुवात होते ती चौथ्या आठवड्यात, गट शेतावर जातो तेव्हा. गट सहा जणांचा असतो आणि तो हजेरी क्रमांकानुसार, वेगवेगळ्या शाखांतून पाडला जातो. मित्रांचे कंपू होऊ दिले जात नाहीत, हा निर्णय मला मनापासून पटला. मुलीच्या गटाला रावेर तालुक्यातील केळीच्या खोडांचा प्रश्न मिळाला. घड काढल्यावर ते झाड पुन्हा फळत नाही, म्हणून खोड तोडावे लागते, आणि तोडलेली खोडे बांधावर कुजत पडतात किंवा वाळवून पेटवली जातात. या खोडापासून धागा निघतो. फिलिपिन्समध्ये केळीच्याच कुळातील अबाका या झाडाच्या धाग्यावर मोठा निर्यात व्यवसाय उभा आहे, आणि आपल्या शेजारच्या नवसारी कृषी विद्यापीठाने खोडाच्या रसापासून द्रवरूप सेंद्रिय खत तयार केले आहे. हे सगळे मुलांनी इंटरनेटवर वाचले आणि आठवडाभरात आमच्या ओट्यावर बसून एका मध्यवर्ती कारखान्याचा आराखडा काढला: परिसरातील खोडे ट्रॅक्टरने एका ठिकाणी आणायची, विजेवर चालणाऱ्या यंत्रातून धागा काढायचा आणि विकायचा. आराखडा दिसायला फारच देखणा होता.

तो एका शेतकऱ्याने दहा मिनिटांत मोडीत काढला. त्यांनी मुलांना काही ऐकवले नाही. एक ताजे खोड काट्याला टांगायला सांगितले. काटा पंचवीस किलोच्या पुढे गेला. मग त्यांनी विचारले, “पोरांनो, यात धागा किती अन् पाणी किती?” खोडात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असते, हे मुलांनी वाचलेले होते, पण ट्रॉलीत भरून आपण मुख्यतः पाणीच वाहून नेणार आहोत आणि त्याचे डिझेल कोणाच्या तरी खिशातून जाणार आहे, हे तोवर कोणाच्याही डोक्यात आले नव्हते. दुसरा प्रश्न विजेचा निघाला. शेतीला थ्री-फेज वीज आठवड्यात काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री येते. रात्री दोन वाजता यंत्रावर कोण उभे राहणार? गटाने आराखडा टाकून दिला आणि ट्रॅक्टरच्या पीटीओवर, म्हणजे इंजिनाची ताकद बाहेरच्या यंत्राला देणाऱ्या मागच्या फिरत्या दांड्यावर चालणारे, बांधापर्यंत नेता येईल असे यंत्र नव्याने मांडले. चोथ्याचे गांडूळखत शेतातच करायचे आणि वाळलेला धागा तेवढा बाहेर न्यायचा, असे ठरले. विद्युत शाखेचा मुलगा यात बेकार झाला आणि तीन दिवस रुसला होता. नंतर त्यानेच सगळ्या खर्चाचा हिशेब लिहिला. त्या संध्याकाळी शेतावर भरीत आणि कळण्याची भाकरी झाली, ती अभ्यासक्रमात नसली तरी गट एकत्र आला तो तिथेच, असे मुलगी सांगते.

केळीचा प्रश्न जागतिक कसा, हेही एका प्राध्यापकांनी शेतातच समजावले. आपल्याकडे बहुतेक बागा ग्रँड नैन या एकाच वाणाच्या आहेत, आणि विसाव्या शतकाच्या मध्यावर ग्रोस मिशेल या एकाच वाणावर उभ्या असलेल्या मध्य अमेरिकेतील बागा पनामा रोगाने बसल्या होत्या. सतरा चौकटींनी जे साधले नाही ते या एका तुलनेने साधले.

आता तक्रारी. यावलच्या भूजलावर काम करणाऱ्या गटाने शेवटी शेतकऱ्यांसाठी अॅप काढले. रावेर-यावल पट्ट्यात उपसा पुनर्भरणाहून जास्त आहे, हे अॅपने कोणाला नव्याने कळणार आहे? तरीही सादरीकरण झकास झाले म्हणून त्या गटाला भरघोस गुण मिळाले. शंभरपैकी सत्तर गुण अहवाल आणि सादरीकरणाला आहेत, शेतावरील नोंदवहीला अवघे वीस. उरलेले दहा सहकाऱ्यांनी एकमेकांना द्यायचे असतात, आणि तिथे सगळ्यांनी सगळ्यांना दहापैकी दहा दिले. दोन मुले एकाही भेटीला आली नव्हती. मुलीला विचारले तर म्हणाली, “बाबा, चौथ्या वर्षाचा प्रोजेक्ट याच मुलांबरोबर करायचा आहे.” हे गुण गोपनीय ठेवून मार्गदर्शकाने नोंदवहीशी ताडून पाहिले असते, तर हा पेच आलाच नसता, परंतु एका मार्गदर्शकाकडे सात गट असतील तर ताडणार कधी?

मला सर्वांत खटकलेली गोष्ट मात्र वेगळी आहे. अंतिम अहवालातून पहिल्या फसलेल्या आराखड्याचे प्रकरण काढायला लावले, कारण बाह्य परीक्षकांसमोर ते बरे दिसत नाही. पुढे एका कंपनीच्या इंटर्नशिप मुलाखतीत मुलीला विचारले गेले ते नेमके हेच: एखादा निर्णय चुकला तेव्हा काय केले? तिने काट्याची गोष्ट सांगितली. रोजगारक्षमतेच्या नावाखाली बायोडेटा आणि देहबोलीचे जे दोन तास झाले, त्यातले तिला काही आठवत नव्हते.

वेगळे शुल्क नाही, मात्र एसटी आणि जीपचा खर्च मुलांच्या खिशातून होतो. निवड करता आली तर हिवाळ्यात भेटी येतील असे सत्र घ्यावे; जुलैत काळ्या मातीत बूट रुततो आणि एप्रिलमध्ये दुपारी शेतात थांबवत नाही. वजनाचा काटाही घरूनच न्यावा, कारण महाविद्यालयाकडे तो एकच आहे आणि साती गटांत फिरतो. आम्ही आमचा ओळखीच्या भंगारवाल्याकडून मागून आणला होता.