धंतोलीतला एनआयसीयू: नातवाचे नऊ दिवस

लेकीचं पहिलं बाळंतपण आमच्याकडे, नागपुरात मानेवाड्याला. नातू पावणेतीन किलोचा, जन्मताच रडला, दूधही ओढू लागला. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचा उजवा पाय एका ठेक्यात उडायला लागला. नुसती थरथर असेल तर धरल्यावर थांबते, एवढं ठाऊक होतं, म्हणून पाऊल मुठीत धरलं. मुठीतही ते टकटक उडतच राहिलं. डोळे एका बाजूला लागलेले, ओठ चघळल्यासारखे. बाळंतपण झालं तिथल्या सिस्टर म्हणाल्या, "आजी, बाळं दचकतातच." तासाभराने पुन्हा तेच झालं. जावयांनी व्हिडिओ काढला आणि आम्ही बाळाला धंतोलीतल्या एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, हलवलं.

इथल्या डॉक्टरांनी आधी टाचेतून रक्त घेऊन साखर पाहिली, मग कॅल्शियमला पाठवलं, आणि लगेच व्हिडिओ मागितला. दोनदा पाहून म्हणाले, "हे झटकेच आहेत, फिट्स." फेनोबार्बिटोन हे झटक्याचं औषध शिरेतून दिलं. पाय थांबला. मला वाटलं, सुटलो.

पण त्यांनी इवल्याशा डोक्याला पेस्ट लावून तारा चिकटवल्या, वरून पट्टीची टोपी बांधली आणि मेंदूची नोंद सुरू ठेवली. संध्याकाळी मी काचेतून बघत होते. बाळ गाढ झोपलेलं, बोटसुद्धा हलत नव्हतं. स्क्रीनवरची मेंदूच्या नोंदीची पट्टी मात्र एकाएकी वर उचलली गेली आणि खाली करवतीच्या दात्यांसारख्या एकसारख्या लाटा सुरू झाल्या. सिस्टर धावत आल्या. औषधाने अंग शांत होतं, पण मेंदूतला झटका कधीकधी चालूच राहतो, हे तेव्हा कळलं. मॉनिटर नसता तर आम्ही सगळे त्याच्या झोपेवर समाधान मानून बसलो असतो. दुसरा डोस दिला, रात्री एकदा पट्टी पुन्हा उचलली, त्यानंतर नाही.

एमआरआयमध्ये मेंदूच्या डाव्या बाजूला, म्हणजे उजवं अंग चालवणाऱ्या बाजूला, छोटा स्ट्रोक निघाला. जन्मलेल्या बाळालाही स्ट्रोक होतो, हे ऐकून लेक भिंतीला टेकली. डॉक्टरांनी खुर्ची ओढून, कागदावर मेंदू काढून, अर्धा तास समजावलं. घाई केली नाही.

उणीवही सांगते. मॉनिटर रात्रभर चालतो, पण तार सैल झाली की पहाटेपर्यंत टेक्निशियन नाही. त्या रात्री दोन तास नोंद बिघडलेली होती. पूर्ण ईईजीचा, म्हणजे मेंदूच्या सविस्तर नोंदीचा, अहवाल दुसऱ्या दिवशी दुपारी मिळाला. आणि मे महिन्यात ओल्या बाळंतिणीला बसायला पत्र्याची खुर्ची, तीही कूलरपासून लांब! हे सुधाराच.

नवव्या दिवशी सुट्टी झाली. झटक्याचं औषध घरी न्यायला दिलंच नाही, ते आधीच बंद केलं होतं. तीन महिन्यांच्या तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरांनी त्याच्या दोन्ही मुठी उघडून पाहिल्या, उजवी जरा जास्त वेळ, आणि तो व्हिडिओ पुन्हा मागितला. जावयांनी अजून जपून ठेवलाय, सदतीस सेकंदांचा.