फुफ्फुसांची लो-डोस सीटी तपासणी : मडगावच्या एका केंद्राचा अनुभव

तरुणपणापासून सिगारेट ओढणाऱ्या माझ्या काकांची ही तपासणी, म्हणजे कमी क्ष-किरण वापरून फुफ्फुसाचा कर्करोग लवकर शोधणारे सीटी स्कॅन, मडगावातील एका खासगी निदान केंद्रात करून घेतली. इंजेक्शन नाही, क्षणभर श्वास रोखायचा, काही मिनिटांत काम संपते. या सेवेचे खरे मोल मात्र तपासणीपूर्वीच्या संभाषणात आहे. वय 50 ते 80, रोज एक पाकीट याप्रमाणे किमान 20 वर्षांचे धूम्रपान, आणि ते चालू असणे किंवा गेल्या 15 वर्षांत सुटलेले असणे, हा ही तपासणी कोणी करावी याचा अमेरिकेतील निकष डॉक्टरांनी शांतपणे समजावला. शिवाय आपल्याकडे क्षयाचे जुने व्रणही गाठीसारखे दिसू शकतात, तेव्हा प्रत्येक गाठ कर्करोगाची समजू नये, हेही आधीच सांगितले. साध्या एक्स-रेच्या तुलनेत या तपासणीमुळे फुफ्फुसाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे 20 टक्क्यांनी घटल्याचे 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अमेरिकी चाचणीत दिसले, कारण लवकर सापडलेली गाठ अनेकदा शस्त्रक्रियेने काढता येते.

उणीव गंभीर आहे : सिगारेट सोडवण्यासाठी समुपदेशनाची सोय तिथे नाही, आणि अहवाल फक्त इंग्रजीत मिळतो. तरीही पात्र व्यक्तींनी इथे जरूर जावे. खोकल्यातून रक्त पडत असल्यास मात्र या तपासणीची वाट न पाहता थेट छातीविकारतज्ज्ञांना गाठावे.