टॉर्च तपासणी: रक्त नीट घेतले, अहवाल मात्र अपुरा

गरोदरपणाच्या दहाव्या आठवड्यात डॉक्टरांनी लिहून दिलेली ‘टॉर्च’ तपासणी (आईकडून पोटातल्या बाळाला होऊ शकणाऱ्या काही संसर्गांसाठीची रक्तचाचणी) मी ज्या प्रयोगशाळेत करून घेतली, तिच्या सेवेविषयी हा अभिप्राय आहे. रक्त घेण्याच्या कामाला नाव ठेवायला जागा नाही. माझी नस सहजासहजी सापडत नाही. तरी तेथील ताईंनी घाई न करता दोन्ही हात चाचपून पाहिले आणि एकदाच सुई टोचून काम उरकले. नळीवरची चिठ्ठी त्यांनी माझ्यासमोर चिकटवली आणि नाव-वय मला वाचायला लावले, हे विशेष आवडले.

अडचण आली ती अहवालाची. टोक्सोप्लाझ्मा, रुबेला, सायटोमेगॅलोव्हायरस आणि हर्पिस या चार नावांपुढे आयजीजी व आयजीएम या दोन प्रकारच्या प्रतिपिंडांच्या (संसर्गाशी लढायला शरीर तयार करते त्या प्रथिनांच्या) मिळून आठ ओळी होत्या, आणि सायटोमेगॅलोव्हायरसच्या आयजीएमपुढे ठळक अक्षरांत ‘संदिग्ध’ एवढाच शब्द होता. आयजीजी बहुधा जुन्या संसर्गाची किंवा लसीची खूण, आयजीएम कदाचित ताज्या संसर्गाची, इतके मला ठाऊक होते. परंतु आयजीएम कित्येक महिने रक्तात टिकू शकते, संसर्ग नसतानाही पॉझिटिव्ह येऊ शकते, आणि म्हणून तेवढ्यावरून बाळाला धोका आहे असे ठरवता येत नाही, हे अहवालात कोठेही लिहिलेले नव्हते. काउंटरवर विचारले, तर “डॉक्टरांना दाखवा” एवढेच उत्तर मिळाले. डॉक्टरांची वेळ दोन दिवसांनंतरची होती. त्या दोन रात्री कशा गेल्या ते सांगत नाही.

प्रयोगशाळेने राखून ठेवलेल्या त्याच नमुन्यावर डॉक्टरांनी ॲव्हिडिटी चाचणी करायला सांगितली. प्रतिपिंडांची विषाणूवरची पकड काळानुसार घट्ट होत जाते. ती घट्ट निघाली, तर संसर्ग किमान तीन महिन्यांपूर्वीचा, म्हणजे माझ्या बाबतीत गर्भधारणेच्या आधीचा. सुदैवाने ती घट्ट निघाली. ही चाचणी त्याच प्रयोगशाळेत होते, हे मात्र तेथे कोणी सांगितले नव्हते.

आणखी एक उणीव म्हणजे टॉर्च या इंग्रजी आद्याक्षरांच्या नावातल्या ‘ओ’मध्ये, म्हणजे ‘इतर’ (अदर) संसर्गांमध्ये, मोडणारा सिफिलिस या पॅनेलमध्ये नव्हता. पेनिसिलिनने बरा होणारा आणि म्हणूनच वेळेत शोधायलाच हवा असा हा आजार. त्याची चाचणी वेगळी सांगावी लागली.

रक्त द्यायला मी पुन्हा तेथेच जाईन, पण डॉक्टरांची वेळ अहवाल मिळेल त्याच दिवसाची आधी घेऊन ठेवीन.