चिपवरची अक्षरे घासलेला मदरबोर्ड ‘नवा कोरा’ म्हणून माझ्या गळ्यात मारला

चौथ्या पिढीचे इंटेल प्रोसेसर अजून चालतात, पण त्यांचे मूळ मदरबोर्ड बाजारातून कधीच गेले, आणि नेमक्या याच अडचणीवर काही दुकानदारांचा धंदा चालतो. माझा आय५-४५९० ठणठणीत होता, बोर्ड तेवढा गेला. एका दुकानदाराने नामांकित कंपनीचा एच८१ चिपसेटचा (प्रोसेसरची बाकी भागांशी गाठ घालणारी मुख्य चिप) बोर्ड ‘न वापरलेला जुना स्टॉक’ म्हणून ५,४०० रुपयांना दिला आणि बसवण्याचे ३५० रुपये वेगळे घेतले. जुन्या बोर्डांवरचे चिपसेट काढून बिननावाच्या नव्या बोर्डांवर बसवतात, हे सगळ्यांप्रमाणे मलाही ठाऊक होते. म्हणूनच मी शेजारी ठेवलेला बिननावाचा स्वस्त बोर्ड नाकारून जास्त पैसे मोजले होते, हे वाचणाऱ्यांनी आधी लक्षात घ्यावे.

उन्हाळा लागला आणि संगणक चालू कामात बंद पडू लागला. दुकानदाराने आधी ८५० रुपयांचा मोठा पंखा विकला, मग ‘सेन्सरचा ड्रायव्हर नाही’ म्हणून ६०० रुपये घेऊन कसलासा प्रोग्रॅम टाकून दिला. तो प्रोग्रॅम तापमान कायम ३८ अंश दाखवी. संगणक रिकामा असो वा घामाघूम, आकडा हलत नसे. प्रोसेसरचा स्वतःचा सेन्सर वेगळा असतो आणि तो त्याच वेळी नव्वदीपार गेलेला होता.

तेव्हा मी लिनक्सवर ‘सेन्सर्स-डिटेक्ट’ हा बोर्डावरच्या सेन्सर चिप शोधणारा प्रोग्रॅम चालवला. पंख्याचा वेग, व्होल्टेज आणि बोर्डाचे तापमान मोजण्याचे काम अशा बोर्डांवर बहुधा सुपर आय/ओ चिप करते, आणि तिला तिची ओळख विचारता येते. २ई किंवा ४ई या पोर्टवर, म्हणजे तिच्या पत्त्यावर, ठरावीक आकडे पाठवले की ती उघडते. नुवोटॉन आणि आयटीई या अशा चिप बनवणाऱ्या दोन कंपन्या. नुवोटॉनच्या चिपला ८७ हा आकडा दोनदा द्यावा लागतो, आयटीईच्या चिपची किल्ली निराळी असते. कंपनीच्या माहितीपत्रकाप्रमाणे त्या मॉडेलवर नुवोटॉनची चिप हवी होती. माझा बोर्ड नुवोटॉनच्या किल्लीने उघडलाच नाही. आयटीईच्या किल्लीने उघडला, आणि पडद्यावर ‘अनोळखी चिप, क्रमांक ८६१३’ अशी ओळ आली. आयटीईच्या चिपमध्ये २० आणि २१ या रजिस्टरांत (चिपच्या आतल्या नोंदीच्या कप्प्यांत) तिचा मॉडेल क्रमांकच लिहिलेला असतो. वरची अक्षरे घासता येतात, हा आतला क्रमांक घासता येत नाही. बोर्डात साठवलेली माहिती वाचणाऱ्या ‘डीएमआयडीकोड’ या प्रोग्रॅमने उरलीसुरली शंका फेडली: उत्पादकाच्या नावाच्या जागी ‘टू बी फिल्ड बाय ओ.ई.एम.’, म्हणजे ‘उत्पादकाने भरावे’, आणि संगणक सुरू होताना मात्र त्या कंपनीचे चकचकीत बोधचिन्ह!

बोर्ड विकत घेतानाचा तो क्षण आठवला की आजही संताप होतो. काउंटरवर ट्यूबलाइटखाली मी बोर्ड तिरपा धरला होता. कडेची ती चौकोनी चिप निस्तेज, खरखरीत दिसत होती. बाकी प्रत्येक चिपवर बारीक लेसर अक्षरे होती, हिच्यावर एकही नव्हते. मी विचारलेही. ‘एक्स्पोर्टचा माल आहे साहेब, यावर छापत नाहीत,’ असे म्हणत त्याने बोर्ड माझ्या हातातून घेतला आणि पिशवीत सरकवला. चिपवर अक्षरे नसतील तर बोर्ड घेऊ नका, कारण काहीही सांगोत. पण वर्षानुवर्षे धंद्यात असलेला माणूस समोरासमोर इतके धडधडीत खोटे बोलेल, असे कोणत्या गिऱ्हाइकाने धरून चालायचे?

खरी चीड पुढेच आली. कंपनीच्या सेवा केंद्राने स्टिकरवरचा अनुक्रमांक दुसऱ्याच मॉडेलचा असल्याचे तोंडी सांगितले, लेखी द्यायला मात्र नकार दिला. पोलीस चौकीत ही ‘दिवाणी बाब’ ठरली. फसवणुकीसाठी भारतीय न्याय संहितेत कलम ३१८ आहे, खोटा ट्रेडमार्क लावणे हा १९९९ च्या कायद्याने गुन्हा आहे, हे मी छापील कागद पुढे ठेवून दाखवले, तर ‘नाव कंपनीचे वापरले, तक्रार कंपनीने करावी’ असे उत्तर मिळाले. कंपनी म्हणते ग्राहकाने तक्रार करावी, चौकी म्हणते कंपनीने करावी, आणि दुकानदार त्याच काउंटरवर तसलेच बोर्ड विकत बसला आहे. अर्जावर पोच मिळवायलासुद्धा मला वाद घालावा लागला, आणि ज्याने तो अर्ज घेतला त्याने तो माझ्यासमोर न वाचताच फायलीत टाकला.

दुकानदाराचे बिल म्हणजे ‘मदरबोर्ड – १ नग’ एवढेच. मॉडेल आणि अनुक्रमांक लिहिलेले जीएसटी बिल मिळत नसेल तर पैसे देऊ नका. दुकानातच संगणक सुरू करायला लावा आणि एचडब्ल्यूइन्फोसारख्या प्रोग्रॅममध्ये बोर्डाचे आणि सेन्सर चिपचे नाव पाहा; तपासू देत नसेल तर तिथूनच परत फिरा. सेन्सरच्या ‘ड्रायव्हर’साठी कोणालाही एक रुपया देऊ नका. लिनक्सवर चिप अनोळखी निघाली म्हणून दुसऱ्याच चिपचा क्रमांक जबरदस्तीने देऊन ड्रायव्हर चढवू नका, त्याने आकडे दिसतील पण त्यांचा भरवसा नसेल. चिप नवी असल्यामुळेही अनोळखी निघू शकते, म्हणून बोर्डाच्या माहितीपत्रकाशी ताडून पाहिल्याशिवाय आरोप करू नये. मी ताडून पाहिले आहे.

माझे एकूण ७,२०० रुपये गेले आहेत. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि तक्रार ऑनलाइन करता येते. ती मी चिपचे जवळून काढलेले फोटो, सेन्सर्स-डिटेक्टचा पूर्ण निकाल आणि यूपीआयच्या नोंदी जोडून दाखल केली आहे. दुकानदार आता ‘बोर्ड आणून द्या, बदलून देतो’ असे निरोप पाठवतो आहे. बोर्ड मी दिलेला नाही, कारण तो एकदा हातातून गेला की आयोगापुढे दाखवायला काहीच उरणार नाही.