जवाची भाकर की गव्हाची?

संडे स्कूलच्या मुलांना बायबलकाळची भाकर करून दाखवायचीय, जवाची करू की गव्हाची, असं एका ताईंनी विचारलंय.

आधी भाव. २ राजे ७:१ मध्ये एका शेकेलला (ठरावीक वजनाच्या चांदीला) सपीठ, म्हणजे गव्हाचं बारीक पीठ, एक माप, जव दोन मापं. प्रकटीकरण ६:६ च्या टंचाईत एका दिनाराला, म्हणजे मजुराच्या रोजात, शेरभर गहू किंवा तीन शेर जव. गरिबाची भूक जवावरच भागायची.

करायला मात्र जव हट्टी. चिकटपणा कमी, थापताना कडा फाटतात, फुगत नाही.

मान गव्हाचा: निवासमंडपातल्या, म्हणजे इस्राएलांच्या उपासनेच्या तंबूतल्या, देवापुढे ठेवायच्या बारा समर्पित भाकरी सपिठाच्या. (पण योहान ६ मध्ये येशूनं ज्या पाच भाकरींवर पाच हजारांना जेवू घातलं, त्या पोराच्या भाकरी जवाच्याच होत्या, बरं का!)

पाच हजारांच्या जेवणाची गोष्ट सांगणार असाल तर जव घ्या; निवासमंडप शिकवणार असाल तर गहू. वल्हांडणाला (इजिप्तमधून सुटकेच्या यहुदी सणाला) दोन्ही चालतील, खमीर तेवढं नको.