पी टाइप बास: गेल्या गणपतीपासून वाजवतेय, आता सविस्तर अनुभव

आधी निकाल सांगते, मग बाकीचं. चार तारा, एकच पिकअप (तारांचं कंपन विजेच्या सिग्नलमधे बदलणारा भाग), एक व्हॉल्यूम, एक टोन, बॅटरी नाही, असा साधा पी टाइप बास, म्हणजे फेंडरच्या प्रिसिजन बासच्या धर्तीची बास गिटार, पहिला बास म्हणून घ्यायचा विचार असेल तर बिनधास्त घ्या, आणि पहिला नसेल तरी घ्या. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण मला बोलायचंय ते या डिझाइनबद्दल आणि स्वस्त किमतीच्या टप्प्यात चार-पाच कंपन्या जवळजवळ हेच वाद्य बनवतात, फरक फिनिशिंगचा आणि नशिबाचा. मी रोज घरी वाजवते, डोंबिवलीत वन बीएचके, आणि महिन्यातून दोन-तीनदा आमच्या ग्रुपबरोबर स्टेजवर, म्हणजे भावगीतं, कोळीगीतं, लावणी, जुनी हिंदी गाणी असं सगळं मिसळ. त्यामुळे मेटल वाजवणाऱ्यांना माझ्या अनुभवाचा कितपत उपयोग होईल ते त्यांनीच ठरवावं.

हे डिझाइन १९५१ चं आहे. लिओ फेंडरने तेव्हा फ्रेट (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) असलेला, गिटारसारखा गळ्यात अडकवायचा बास बाजारात आणला, त्याआधी बँडमधे बास म्हणजे माणसाएवढं उभं डबल बास. १९५७ ला त्यातलं पिकअप दोन तुकड्यांचं झालं, जाड ई आणि ए तारांखाली एक, बारीक डी आणि जी खाली दुसरा, आणि दोन्ही उलटसुलट जोडलेले, त्यामुळे बाहेरून येणारी घरघर एकमेकांना मारते. हे वाचताना तांत्रिक वाटतं पण ज्या हॉलमधे ट्यूबलाइट, पंखे, डेकोरेटरची हॅलोजन आणि मिक्सर सगळं एकाच बोर्डावर चाललेलं असतं तिथे याची किंमत कळते. आमच्या गिटारवाल्याचं सिंगल कॉइल (एकाच गुंडाळीचं) पिकअप अशा ठिकाणी सतत गुणगुणतं, माझा बास शांत. अर्थिंगच नसेल तर मात्र तारांवरून हात काढला की बझ येतोच, त्याला पिकअप काही करू शकत नाही.

साइजबद्दल खूप जण विचारतात, विशेषतः मुली. दुकानात मलाही सांगितलं होतं की मॅडम तुम्ही शॉर्ट स्केल घ्या, तीस इंची, म्हणजे तारेची वाजणारी लांबी तीस इंच. मी चौतीस इंचीच घेतला आणि खूश आहे, पण आकडे समजून घ्या म्हणजे ठरवता येईल. नेहमीच्या इलेक्ट्रिक गिटारवर पहिल्या फ्रेटपर्यंतची जागा साधारण ३६ मिलीमीटर लांब असते, चौतीस इंची बासवर ४८ च्या वर. म्हणजे गिटारसारखं चार फ्रेटला चार बोटं हे खालच्या भागात ताणून करायला गेलं की मनगट दुखणार, हात कितीही मोठा असो. डबल बासवाल्यांची पद्धत वापरायची, पहिलं, दुसरं आणि चौथं बोट, तिसरं करंगळीच्या मदतीला, आणि तीन फ्रेटमधे काम उरकून हात सरकवायचा. पाचव्या फ्रेटच्या वर गेलात की मग चारही बोटं आरामात बसतात. ही सवय लागली की लहान हाताची काळजी जवळजवळ संपते. शॉर्ट स्केल वाईट नाही, त्याचा आवाज गोल आणि मऊ असतो तो काही जणांना आवडतो, पण फक्त हात लहान म्हणून तो घेऊ नका.

आता जोक्स. बासवाले चार जण एकत्र आले की सगळ्यात आधी एकमेकांच्या वाद्यावर आणि वाजवण्यावर घसरतात, आणि मला हे मनापासून आवडतं कारण इतका मोकळेपणा मी गिटारवाल्यांत पाहिलेला नाही. चारच तारा कारण पाचवी मोजता येत नाही. नवीन बास घेतला, आता तेच तीन स्वर जास्त महाग ऐकू येतात. ड्रम वाजतायत तोवर घाबरू नका, ड्रम थांबले की घाबरा, कारण आता बास सोलो येणार. आणि सगळ्यांचा लाडका, बल्ब बदलायला किती बासिस्ट लागतात, तर एकही नाही, कीबोर्डवाला डाव्या हाताने बदलतो.

हा शेवटचा आपल्याकडे अक्षरशः खरा आहे हो. आपल्या छोट्या ऑर्केस्ट्रात कीबोर्ड, ऑक्टोपॅड, ढोलकी, तबला असतो आणि बास म्हणजे कीबोर्डवाल्याचा डावा हात. मी यायच्या आधी आमच्याकडेही तसंच होतं. मी आल्यावर फरक काय पडला तर कीबोर्डवाल्या दादाचा डावा हात मोकळा झाला आणि तो पहिल्यांदा दोन्ही हातांनी कॉर्ड्स आणि स्ट्रिंग्ज भरायला लागला, गाणं एकदम रुंद झालं. दुसरं म्हणजे कीबोर्डवरचा बासचा स्वर की दाबून ठेवली की तसाच लांबत राहतो, तर खऱ्या बासवर स्वर कुठे सुरू करायचा यापेक्षा कुठे बंद करायचा हे जास्त महत्त्वाचं, दोन्ही हातांनी तारा दाबून गप्प करायच्या, आणि त्या गप्प होण्यातच ठेका तयार होतो. हे कळायला मला पी बासनेच मदत केली कारण त्याचा आवाज जाड आणि आखूड ठोक्याचा आहे, चमक कमी, लपायला जागा नाही.

गिटार जमली नाही म्हणून बास, हाही जोक सगळीकडे चालतो. त्याचा इतिहास पाहिला तर मजा येते. बीटल्सचा पॉल मॅकार्टनी बासवर आला कारण १९६१ मधे बीटल्सचा बासिस्ट ग्रुप सोडून गेला आणि कोणीतरी बास घेणं भागच होतं. कॅरल के लॉस एंजेलिसमधल्या नावाजलेल्या सेशन गिटारिस्ट, म्हणजे स्टुडिओत रेकॉर्डिंगसाठी वाजवणाऱ्या, १९६३ मधे एका रेकॉर्डिंगला बासिस्ट आलाच नाही म्हणून त्यांनी बास उचलला, आणि पुढे जगातल्या सर्वात जास्त रेकॉर्ड झालेल्या बासवादकांत त्यांचं नाव घेतलं जाऊ लागलं. म्हणजे गिटारवरून बासवर येणं ही बढती आहे असं माझं स्पष्ट मत. आणि आपल्याकडे बघा, आर. डी. बर्मनच्या गाण्यांत ज्यामुळे पाय हलतो त्यातलं बरंचसं टोनी वाझ यांच्या बासमुळे, आणि आज मुंबईची मोहिनी डे जगभर वाजवतेय. तिचं ऐकल्यावर बास सोलोचा जोक कोणाला सुचणार नाही.

बास ऐकूच येत नाही हा जोक नाही, ती तक्रार आहे आणि तिला कारण आहे. खालची मोकळी ई तार ४१ हर्ट्झला वाजते, गिटारची खालची ई ८२ ला. फोनचा स्पीकर ४१ हर्ट्झ काढूच शकत नाही. तरी आपल्याला थोडा बास ऐकू येतो कारण त्या स्वराचे वरचे अंश, म्हणजे ४१ च्या पटीतले बरेच उंच स्वर, स्पीकरमधून येतात आणि डोकं त्यावरून खालचा स्वर भरून काढतं. याचा थेट उपयोग असा की प्रोग्रॅमचा व्हिडिओ लोक फोनवर बघणार असतील तर टोनचा नॉब पूर्ण बंद करू नका, अर्धा ठेवा, वरचे अंश राहू द्या. हॉलमधे मात्र मी टोन जवळजवळ बंद करते आणि तिथे तो खुर्चीतून जाणवतो.

घरी उलटा त्रास. ४१ हर्ट्झची लाट आठ मीटरच्या पुढे लांब असते, म्हणजे आमच्या हॉलमधे ती मावतच नाही, आणि भिंत तिला फारशी अडवत नाही. खोलीच्या कोपऱ्यात अँप ठेवला की आवाज फुगतो, मधे उभं राहिलं की गायब. शेजारच्या काकूंना माझं वाजवणं माझ्यापेक्षा चांगलं ऐकू येत असावं, त्यांनी कधी तक्रार केली नाही ही त्यांची मोठी मेहेरबानी. आता मी अँप भिंतीपासून लांब, जमिनीवरून उचलून खुर्चीवर ठेवते आणि रात्री आठनंतर फक्त हेडफोन. फ्लॅटमधे राहणाऱ्यांनी हेडफोनचं जॅक असलेलाच अँप घ्यावा, वॅट किती हा प्रश्न नंतर. आणि गिटारच्या अँपमधे बास जोरात लावू नका, त्याचा स्पीकर त्यासाठी बनलेला नसतो.

आपल्या गाण्यांत हा बास कसा बसतो यावर कोणी फारसं लिहीत नाही म्हणून जरा थांबते. पहिली गोष्ट, ढोलकीची धुम आणि तबल्याचा डग्गा हे आधीच खालची जागा धरून बसलेले असतात. सुरुवातीच्या एका रियाझाला ढोलकीवाले काका म्हणाले, ताई, तुमचा स्वर माझ्या धुमवर बसतोय, जरा आखूड ठेवा. इतका नेमका सल्ला मला कुठल्या व्हिडिओत मिळाला नव्हता. लावणीत मी आता समेवर एक ठोस सा देते आणि मधे धुम बोलत असेल तिथे गप्प, कोळीगीतात सहा मात्रांच्या चालीत पहिल्या आणि चौथ्या मात्रेवर सा आणि प. भावगीतात डग्ग्याची मींड चालू असताना बासने लांब स्वर धरला की दोन्ही मातीत जातात, तिथे हलक्या बोटाने, छोटे स्वर.

दुसरी गोष्ट पट्टी. इंग्रजी ट्यूटोरियल्समधे सगळं ई आणि ए मधे कारण मोकळ्या तारा मिळतात, आणि आपले गायक म्हणणार काळी एक, म्हणजे सी शार्प. घाबरायचं कारण नाही, उलट चार तारांच्या बासवर काळी एक फार सुंदर बसते. सा मिळतो ए तारेच्या चौथ्या फ्रेटवर आणि त्याखालचा प बरोबर त्याच फ्रेटवर ई तारेवर, म्हणजे एक बोट आडवं ठेवलं की सा-प दोन्ही हाताशी, आणि वरचा सा डी... नाही, डी तार ओलांडून जी तारेच्या सहाव्या फ्रेटवर. काळी चार असेल तर तोच आकार एक तार खाली, ई तारेच्या चौथ्यावर सा, फक्त खालचा प मिळत नाही, वरचा घ्यायचा. बासवर सगळीकडे बोटांचा आकार सारखाच असतो, पट्टी बदलली की हात सरकवला, संपलं. पाच तारांचा घ्यायचा का असं विचारणाऱ्यांना म्हणून मी नाही म्हणते, निदान आपल्या गाण्यांसाठी. खालची बी ३१ हर्ट्झला जाते आणि आपल्या प्रोग्रॅमला जी साउंड सिस्टीम येते त्यातून ती बहुतेक वेळा फक्त थरथर म्हणून बाहेर पडते.

तारांबद्दल. आल्या त्या राउंडवाउंड (बाहेरून गोल तार गुंडाळलेल्या, खरखरीत) होत्या, नवीन असताना खणखणीत, पण बोट सरकलं की चर्र आवाज आणि पावसाळ्यात घामाने काळ्या पडल्या. दिवाळीनंतर फ्लॅटवाउंड (चपटी पट्टी गुंडाळलेल्या, गुळगुळीत) टाकल्या, किंमत दुप्पट-तिप्पट, पण त्या लवकर मरत नाहीत आणि पी बासला तो जुना धप्प आवाज त्यानेच येतो. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या असंख्य गाण्यांवर वाजवणारा जेम्स जेमरसन १९६२ च्या पी बासवर जाड फ्लॅटवाउंड लावायचा, तुटल्याशिवाय बदलायचा नाही, तारांखाली ब्रिजजवळ (तारा बॉडीवर जिथे टेकतात तिथे) फोम ठेवायचा आणि उजव्या हाताचं एकच बोट वापरायचा. बासवाल्यांचे एका बोटावरचे सगळे जोक मला यासाठीच गोड वाटतात, त्या एका बोटाने सगळ्या जगाला नाचवलंय. फोम मीही ठेवते, भांडी घासायच्या नव्या स्पंजची पट्टी कापून ब्रिजपाशी तारांखाली सारायची. जुन्या गाण्यांना असा आवाज येतो की आमच्या गायिका मागे वळून बघतात. नक्की करून बघा, खर्च दहा-वीस रुपये.

आता खटकलेलं. बासचं डोकं जड आहे, हात सोडला की त्याची मान खाली जाते, गुळगुळीत नायलॉनचा पट्टा असेल तर जास्तच. रुंद, आतून खरखरीत चामड्याचा पट्टा घेतला, नव्वद टक्के प्रश्न मिटला. जुलैमधे बासची मान हलली, ॲक्शन (तारांची फ्रेटपासूनची उंची) बदलली, आठव्या-नवव्या फ्रेटपाशी तार खडखडायला लागली. ट्रस रॉड (मानेतली, तिचा बाक ठरवणारी सळई) एका वेळी पाव फेरा, मग तारा सुरात लावून काही तास थांबायचं, मग पुन्हा बघायचं. बाराव्या फ्रेटला ई तारेखाली अडीच मिलीमीटरच्या आसपास मला सोयीचं पडतं. फ्लॅटवाउंड टाकल्या की ताण बदलतो, तेव्हा हे सगळं परत एकदा, इंटोनेशनसकट, म्हणजे वरच्या फ्रेटवरही स्वर सुरात येतो का ते बघून. पहिलं सेटअप जाणकाराकडून करून घ्या आणि शेजारी उभं राहून बघा, दुकानातून आलेल्या अवस्थेत कुठलाच स्वस्त बास नीट वाजत नाही. चौथी खुंटी जरा सैल होती, स्क्रू आवळून काम झालं. वजन चार किलोच्या घरात आणि गिगबॅग लांब, लोकलमधे गर्दीच्या वेळी विसरा, मी रियाझ दुपारी ठेवायला लावलाय.

स्टेजवर अँप नेत नाही. डीआय बॉक्समधून (बासचा सिग्नल मिक्सरला जुळवणारी छोटी पेटी) सरळ मिक्सरला, आणि साउंडवाल्या दादांना आधी भेटून सांगते की बास आहे, एक मॉनिटर माझ्याकडे वळवा. पॅसिव्ह, म्हणजे बॅटरीविना चालणारा, असल्याने बॅटरी संपायची भीती नाही, ऐन वेळी एवढी एक काळजी कमी. अॅक्टिव्हवाल्यांनी केबल काढून ठेवायची सवय लावा, जॅक आत राहिला की नऊ व्होल्टची बॅटरी गळत राहते.

स्लॅप (अंगठ्याने तारा आपटून वाजवणं) हा तुमचा मुख्य प्रकार असेल किंवा एकाच बासमधून दहा आवाज हवे असतील तर जे टाइप (फेंडरच्या जॅझ बाससारखा) किंवा पीजे (दोन्ही प्रकारची पिकअप असलेला) बघा, हा नको. मूळ स्वर ठामपणे धरून गाणं उभं करायला आवडत असेल तर हाच. मी पुढच्या महिन्यात याच्या जुन्या राउंडवाउंड उकळून पुन्हा लावून बघणार आहे आणि फ्लॅटवाउंडशी शेजारी शेजारी रेकॉर्ड करणार आहे. सेटअपचं काही अडलं तर विचारा, माहीत असेल ते सगळं सांगेन.